भित्री सुलभा

सुलभाच्या नवऱ्याचा, अविनाशरावांचा फोन आला. "सुलभा गेली," एवढंच बोलले. पन्नाशीही न गाठलेली माझी मैत्रीण... सकाळी छातीत कळ आली, तेव्हा तिला वाटलं नेहमीचंच आहे. ओट्याशी खाली बसून ती ते ओसरायची वाट पाहत राहिली. अविनाशराव फिरून परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

नेहमीचं म्हणजे तिचा आजार. कॉलेजात असल्यापासून तिला भीतीचे झटके यायचे. छाती धडधडायची, श्वास अडकायचा, हात गार पडायचे. डॉक्टरांनी चिंताविकार म्हटलं, गोळ्या दिल्या. घरच्यांना ती नाटकं वाटायची. "भीतीनं काय कोणी मरते का वं?" असं तिची सासू हसून विचारायची. वर्षानुवर्षं असा ताण सोसला की हृदयही थकतं, असं डॉक्टर बजावत होते. पण ऐकतो कोण? आम्ही मैत्रिणीसुद्धा तिला भित्रीच म्हणायचो. ती मात्र तेच गार हात घेऊन रोज आमच्या शाळेत शिकवायला यायची.

दोनेक वर्षांपूर्वी माझ्या आईला रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात न्यायचं होतं. सुलभा सोबत आली होती, पण ती लिफ्टमध्ये कधी पाय ठेवत नसे. त्या दिवशी व्हीलचेअरवरून आईनं तिचा हात धरला तो सोडेचना, तशी ती आत आली. आणि मधेच वीज गेली. अंधारात एक तरुण बाई किंचाळू लागली, "मले बाहेर काढा! जीव चालला माझा!" मला धास्ती सुलभाची... तर तिचाच आवाज आला, अगदी संथ.

"असंच वाटते वं पोरी. मीबी घाबरूनच राहिली. हात दे इकडे. आता छाती आणखी धडधडंल, मग कमी होईल. मले हा रस्ता पाठ आहे."

दार उघडेपर्यंत ती बोलत राहिली. बाहेर येताच मात्र जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. ओठ पांढरे, साडी घामानं चिंब.

"कसं काय जमलं तुला?" मी विचारलं.

"रोजचंच तर आहे. आज तुले दिसलं, बस."

शाळेच्या फाटकातून हसत आत येणारी सुलभा दर सकाळी काय ओलांडून येत होती, ते मला तेव्हा कळलं.

मागच्या आठवड्यात प्रताप नगरला त्यांच्या घरी गेले. तिला बंद दार सोसत नसे, म्हणून त्यांचं पुढचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. त्या दिवशीही होतं. रस्त्यावरची धूळ थेट आत येत होती.

"लोटू का?" मी विचारलं.

"राहू द्या," अविनाशराव म्हणाले, आणि उठून दाराला लावलेली वीट त्यांनी पायानं आणखी घट्ट सरकवली.