मार्कीझची घंटा

लग्न टिकवायचं कसं, असं डोंगरातल्या विलारे गावात कुणी विचारलं, तर लोक सोलांज आणि गास्तों यांच्या घराकडे बोट दाखवायचे. त्यांच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती. गास्तोंचं म्हणणं असं, की संसार मात्र तेवढा झालेला नाही, कारण दरवर्षी जून निम्मा सरला की सोलांज गाई घेऊन वर रोशेतच्या कुरणांवर निघून जायची आणि पहिलं बर्फ भुरभुरायला लागलं की खाली उतरायची. मधल्या महिन्यांत गास्तों खाली गवत कापायचा, वाळवायचा आणि गोठ्याच्या माळ्यावर रचायचा.

"आमचं भांडण रंगात आलं की ती वर जाते," तो सांगायचा, "आणि आठवण यायला लागली की खाली येते. डोंगराने जुळवून आणलंय सगळं."

सोलांज यावर नाक मुरडायची, पण खोडून काढायची नाही.

तिचं सगळं आयुष्य असंच चढण्या-उतरण्यात गेलं होतं. उन्हाळ्यात गाई, हिवाळ्यात बर्फ. तरुणपणापासून निवृत्त होईपर्यंत दर हिवाळ्यात ती शेजारच्या डोंगरावर बर्फात घसरायला येणाऱ्या शहरी लोकांना तारेवरच्या पाळण्यात बसवायची. "चला, चला, पाय उचला, ढकलाढकली नको!" हे तिचं पालुपद. गावकरी म्हणायचे, सोलांज गाईंना आणि पॅरिसकरांना एकाच आवाजात हाकते, फरक इतकाच की गाई ऐकतात.

गेल्या सप्टेंबरात मात्र घात झाला. रोशेतच्या दगडी झोपडीत झोपायची जागा माळ्यावर, आणि माळ्यावर जायला लाकडी शिडी. एका संध्याकाळी शिडीची पायरी तुटली आणि सोलांज खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या डॉक्टरांनी आत नवा खुबा बसवला आणि हातात काठी दिली. सगळा हिवाळा ती खिडकीशी बसून समोरच्या डोंगराकडे बघत होती. उधारी बुडवलेल्या माणसाकडे बघावं, तसं.

एप्रिलातल्या एका रविवारी, जेवण संपत आलेलं असताना, म्युरिएलने विषय काढला. म्युरिएल म्हणजे त्यांची मुलगी. गाईंचा कारभार आता तिच्या हातात होता.

"आई, यंदा वर यानिक जाईल."

"कोण यानिक?"

"मी कामावर ठेवलाय. ब्रिटनीकडचा आहे."

"समुद्रावरचा? तो गाई पाळणार की मासे?"

"सहा वर्षं डोंगरात मेंढ्या राखल्यात त्याने. चांगला आहे. आणि आई, डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंयस."

सोलांजने गास्तोंकडे पाहिलं. गास्तों चीजची साल फार काळजीपूर्वक काढत होता.

"तू काही बोलणार आहेस का?"

"चीज छान मुरलंय," गास्तों म्हणाला.

त्यानंतर ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवसापासून जी बोलायला लागली, ती थांबलीच नाही. जन्मात पहिल्यांदाच ती उन्हाळ्यात घरी राहणार होती, आणि त्याची तालीम तिने वसंतातच सुरू केली. सरपणाची रास चुकीच्या भिंतीला लावलीय. कोयत्याला अशी धार लावतात का? सूपमध्ये मीठ कमी, मग जास्त, मग मीठच चुकीचं. वर न्यायच्या तिच्या लोकरी सपाता कुठे दिसेनात, त्याचंही खापर गास्तोंच्या डोक्यावर.

"आता सपाता कशाला हव्यात तुला?" त्याने एकदा विचारलं.

"वर जायचं नाही म्हणून पायही कापून टाकू?"

गास्तों परसात निघून गेला. मे महिन्यात त्याचा कमरेचा पट्टा एक भोक आत गेला.

आता मार्कीझबद्दल. मार्कीझ ही कळपातली सगळ्यात म्हातारी गाय, तांबूस रंगाची, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी. वर जायच्या दिवशी कळपाच्या पुढे जी गाय चालते, तिच्या गळ्यात मोठी घंटा असते. गास्तोंच्या आजोबांपासून चालत आलेली, रुंद चामडी पट्ट्याची, घागरीएवढी. हा मान कित्येक वर्षं मार्कीझचा होता. पण म्हातारीचा गळा पट्ट्याने सोलवटायचा आणि मागचा एक गुडघा आखडायला लागला होता. म्हणून सोलांजने ठरवलं: यंदा घंटा कोकेतला. कोकेत तरुण होती, देखणी होती, नावासारखीच नखरेल होती. मार्कीझला ट्रकने वर न्यायचं. हा निर्णय सोलांजचा एकटीचा. म्हातारीवर आपण दयाच करतोय, असं तिला मनापासून वाटलं.

सोलांज त्या दिवशी फक्त जेवण पोचवायला मोटारीने वर जाणार होती; शेजारचा ओनोरे हे सगळं ऐकून मोठ्याने हसला. पुलाला लागून त्याची भाजीची बाग होती आणि कुंपणावरून बोलायला त्याला सबंध दिवस मोकळा असायचा.

"म्हणजे मार्कीझ ट्रकमध्ये आणि तू मोटारीत! दोघी म्हाताऱ्या चाकांवर!"

"तुझ्या बागेकडे बघ," सोलांज म्हणाली. "कोबी तुझ्यासारखाच खुरटलाय."

जायचा दिवस उजाडला. सकाळपासून अंगणात माणसं जमली. कॉफी झाली, कॉफीवर पांढऱ्या वाइनचा एकेक पेला झाला. गाईंच्या गळ्यात घंटा चढल्या आणि कुणाला कुणाचं ऐकू येईनासं झालं. सोलांज पाव, सॉसेज आणि ब्लूबेरीची टार्ट मोटारीत भरून सगळ्यांच्या मागे जाऊन बसली. एप्रनच्या खिशात तिने सवयीने मिठाची पुरचुंडी टाकली होती. पुरचुंडीचा आज काही उपयोग नव्हता.

पहिली कुरबुर ट्रकपाशी झाली. गास्तोंने फळी टाकली, यानिकने दोर ओढला, आणखी दोघांनी मागून ढकलली. मार्कीझने एक पाय फळीवर ठेवला, वास घेतला आणि पाय काढून घेतला. मग दोरासकट वळून ती थेट कळपाच्या पुढे आपल्या नेहमीच्या जागेवर गेली. तिथे कोकेत उभी होती, गळ्यात मोठी घंटा घालून. मार्कीझने तिच्याकडे पाहिलं. घंटेकडे पाहिलं. मग काही झालंच नाही अशा थाटात ती रिकाम्या गळ्याने चालायला लागली.

"जाऊ दे तिला," म्युरिएल ओरडली. "पुढे दमली की चढवू!"

पुलापर्यंत सगळं ठीक चाललं. पुलाच्या बरोबर मधोमध मार्कीझ थांबली, आडवी वळली, पुढचे गुडघे टेकले आणि बसली. विलारेतून बाहेर पडायला तो एकच पूल आहे.

मागून कळप आला. कोकेतला पुढे जाता येईना, मागे सरता येईना. तिने मान झटकली तशी गळ्यातली घंटा अशी काही दणाणली, की ती स्वतःच घाबरली. एवढा आवाज आपल्याच गळ्यातून येतोय, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती उधळली आणि बुटकी भिंत ओलांडून ओनोरेच्या बागेत उतरली. मोठी घंटा जिकडे, तिकडे जायचं, एवढं बाकीच्या गाईंना ठाऊक होतं. निम्म्या तिच्या मागे गेल्या. निम्म्या मार्कीझ जिकडे, तिकडे आपण, अशा मताच्या होत्या. त्या पुलावर खिळून राहिल्या.

"माझं सॅलड!" ओनोरे घरातून धावत आला. "अगं बायांनो, थांबा! निदान तेल-व्हिनेगर तरी आणू दे!"

यानिक दोर ओढून घामाघूम झाला होता. "मेंढ्या असत्या तर एकीला उचललं असतं…"

"मेंढ्या नाहीयेत या, यानिक!" म्युरिएलचा आवाज चढला.

पलीकडे डच लोकांचं फिरतं घर आणि तीन मोटारी येऊन थांबल्या. लोक उतरून फोटो काढायला लागले. शेवटी म्युरिएलने सगळ्यात मागे अडकलेल्या आईला फोन केला. एवढंच म्हणाली, "आई, ये."

सोलांज काठी टेकत गाईंच्या मधून वाट काढत आली. मार्कीझने तिला येताना पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

"काय गं? रुसलीस?"

मार्कीझने नाकातून एक लांब श्वास सोडला आणि नदीकडे बघत राहिली. हे तोंड आपण कुठंतरी पाहिलंय, असं सोलांजला वाटलं. मग आठवलं. एप्रिलात, रविवारच्या जेवणाच्या टेबलावर, समोरच्या कपाटाच्या काचेत. तिला एकदम हसू फुटलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुला विचारायला हवं होतं. म्युरिएल, घंटा आण तिची."

"आई, तिचा गळा सोलवटतो, तूच म्हणाली होतीस…"

"म्हणाले होते. आण."

सोलांजने आपल्या गळ्यातला लोकरी मफलर काढून मार्कीझच्या गळ्याभोवती गुंडाळला. बागेतल्या कोकेतचं ओझं उतरवून यानिकने घंटा आणली आणि गास्तोंने मफलरवरून पट्टा बांधला. बक्कल एक भोक सैल ठेवलं. मार्कीझने मान एकदा हलवून बघितली. घंटा वाजली. मग आधी मागचे पाय, मग पुढचे, अशी ती सावकाश उठली.

पण पुढे पाऊल टाकेना. दरवर्षी तिच्यापुढे मिठाची पुरचुंडी घेऊन जी बाई चालायची, ती बाजूला उभी होती.

सोलांजने लेकीकडे पाहिलं.

"पुलापलीकडे," म्युरिएल म्हणाली. "फक्त पुलापलीकडे."

"पुलापलीकडे," सोलांजने मान डोलावली आणि खिशात हात घातला.

पुलापलीकडे वाटेच्या कडेला दगडी क्रूस होता. क्रूसापर्यंत जायला काय हरकत होती? क्रूसानंतर पाण्याचं टाकं, तिथे गाई पाणी पितात, तोवर सोबत राहायला हवं. टाक्यापासून जंगल सुरू होतं, आणि जंगलात मार्कीझ एकटी बिचकते.

"ती कधीपासून बिचकायला लागली?" म्युरिएलने विचारलं.

"म्हातारपण," सोलांज म्हणाली.

गास्तों रिकामा ट्रक घेऊन मागून हळूहळू येत होता. प्रत्येक वळणावर काच खाली करून विचारायचा, "बसायचं का?"

"मार्कीझला विचार."

"ती नको म्हणते."

"मग?"

दोघींचीही चाल मंद होती. एकीचा गुडघा, एकीचा खुबा. त्यामुळे कळपही मंद चालला, आणि दुपारी जेवायला वर पोचायचे ते लोक ऊन कलल्यावर पोचले. मागे राहिलेली मोटार ओनोरेने आणली होती, आणि सॅलडची भरपाई म्हणून वाटेत निम्मी टार्ट संपवली होती. वर पोचताच गाईंनी ताज्या गवताचा वास घेतला आणि त्या चौफेर पांगल्या. मार्कीझच्या गळ्यातली मोठी घंटा सोलांजने उतरवली आणि रिवाजाप्रमाणे झोपडीच्या तुळईला टांगली. तिच्या जागी चरायची छोटी घंटा आली. मार्कीझ तेवढ्यावर खूश होऊन चरायला लागली.

सोलांज दाराबाहेरच्या बाकावर बसली. म्युरिएल समोर उभी राहिली.

"दुखतंय ना?"

"दुखतंय. खालीही दुखतंच की. तिथे नुसतं बसून दुखतं."

म्युरिएलने झोपडीत डोकावून शिडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "शिडीवर पाय ठेवायचा नाही."

"नाही ठेवणार."

"बिछाना खाली. दुधाच्या चरव्या यानिक उचलेल, तू नाही. धारा तो काढेल. तू फक्त त्याला गाईंची ओळख करून दे आणि स्वयंपाक बघ."

"सगळं काढून घेतलंस की," सोलांज म्हणाली. मग तुळईवरच्या घंटेकडे तिचं लक्ष गेलं. "बरं. छोटी तर छोटी."

"मी माळ्यावर झोपेन," यानिक म्हणाला. "पण मी घोरतो, मादाम."

"मी गास्तोंबरोबर झोपलेय. तू घोरतोस म्हणजे काय करतोस ते बघू."

म्युरिएलने हात झटकले. "हे सगळं ठीक आहे, पण तू सामानच आणलेलं नाहीस. अंगावरच्या कपड्यांनी राहणार? उद्या मला परत खेप…"

गास्तों खाकरला. तो ट्रककडे गेला, सीट पुढे ओढली आणि मागून ताडपत्रीत बांधलेलं एक मोठं बोचकं काढून आणलं. बाकावर ठेवून सोडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. आत सोलांजची पिसांची रजई होती, रबरी बूट होते, दोन स्वेटर होते आणि सगळ्यात वर लोकरी सपाता होत्या.

सोलांज सपातांकडे बघतच राहिली.

"हे कधी बांधलंस?"

"एप्रिलात. त्या रविवारी, चीज खाऊन झाल्यावर."

"मग तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

"तुमच्या दोघींच्या मध्ये?" गास्तों म्हणाला. "माझे दोन्ही खुबे अजून मूळचे आहेत."

"आणि दोन महिने मी या सपाता शोधतेय! रोज तुला विचारत होते!"

"म्हणून तर आणल्या." त्याने टोपी डोक्यावर चढवली. "मलाही उन्हाळा शांततेत घालवायचाय, सोलांज."

त्याने तिच्या दोन्ही गालांवर ओठ टेकले, ओनोरेला ट्रकमध्ये बसवलं आणि निघाला. म्युरिएलची मोटार त्याच्यामागे. ट्रक पहिल्या वळणाआड गेला तरी गास्तोंची शीळ ऐकू येत होती, लग्नात वाजवतात तसल्या एका नाचाच्या गाण्याची.

"सरपण दक्षिणेच्या भिंतीला लाव!" सोलांज वळणाकडे बघून ओरडली.

शीळ आणखी मोठी झाली.

तिने सपाता पायात चढवल्या, काठी घेतली आणि झोपडीच्या दारात बावरून उभ्या असलेल्या यानिककडे वळली.

"काय बघतोस? धारांची वेळ झाली. चला, चला, पाय उचला!"