हल्याच्या कातड्याची खुर्ची

साठ सालानंतर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. अमरावतीत एक सरकारी इमारत उभी राहिली आणि लोक वर्षभर एकच विचारत राहिले, गिलावा कधी करणार? गिलावा करायचाच नव्हता. मुंबईहून आलेल्या नकाशेवाल्या साहेबांचं म्हणणं असं, की काँक्रीट जसं आहे तसं दिसलं पाहिजे, फळ्यांच्या ठशांसकट. माझे वडील त्या कामावर ओव्हरसिअर होते. त्यांना हे पटलं होतं, निदान घरी येऊन ते तसं सांगत. आई म्हणायची, "म्हंजे अर्ध्यावर सोडलेलं काम."

त्या इमारतीसाठी खुर्च्याही तशाच करून घेतल्या होत्या. सागाचे जाड ठोकळे, धड रंधाही न मारलेले, बोल्ट उघडे, आणि बसायला-टेकायला जाड चामडं, पट्ट्यांनी आवळून बांधलेलं. एक खुर्ची हलवायला दोन माणसं लागत. मोठ्या साहेबांच्या बायकोला त्या खुर्च्या बसलेल्या रेड्यांसारख्या दिसल्या, म्हणून वर्षाच्या आत त्या गोदामात गेल्या आणि तिथून लिलावात. वडिलांनी त्यातली एक घेतली. ती आमच्या क्वार्टरमध्ये घुसवताना दाराच्या चौकटीचा टवका उडाला. खुर्चीला काही झालं नाही.

ती खुर्ची त्यांनी आजोबांसाठी आणली होती. आजोबांचं गाव कौंडण्यपूरच्या अलीकडे. उभा जन्म ते दुसऱ्यांच्या अंगणात जमिनीवर बसलेले. गावात ढोर मेलं की ओढून न्यायचं आणि सोलायचं, हे काम आमच्या घराकडे होतं. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, पण त्याच्याही आधी ते काम त्यांनी सोडलं होतं आणि वस्तीतल्या सगळ्यांना सोडायला लावलं होतं. गावाने मजुरी बंद केली, दळण बंद केलं, तरी हटले नाहीत. सोलायची सुरी त्यांनी वर्धा नदीत टाकली. तेव्हापासून पायात टायरच्या चपला. चामड्याची वहाणसुद्धा नको.

आणि अशा माणसासाठी चामड्याची खुर्ची. वडिलांना कोणी मूर्ख म्हणेल, मीही म्हटलं आहे मनातल्या मनात. पण त्यांच्या लेखी ते कातडं नव्हतंच. ती साहेबाची खुर्ची होती. मुंबईच्या माणसाने काढलेली, पॉलिशचा वास येणारी. तिचा गावच्या ढोराशी काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आमच्यातल्या पहिल्या शिकलेल्या पिढीची ही ठरलेली चूक. जे साहेबाकडून आलं ते स्वच्छ, असं ही माणसं खरोखर धरून चालायची.

आजी गेली होती, गावी करून घालणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून आजोबा कायमचे आमच्याकडे आले होते. ते इथे रमावेत, परत जातो म्हणू नयेत, एवढाच आईच्या जिवाला घोर होता. वडिलांचं मात्र एकच चाललेलं. "बा, बसा नं खुर्चीवर."

"बसीन नं. घाई काय हाय?" असं म्हणून आजोबा खुर्चीला टेकून खाली जमिनीवर बसत.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. एका शनिवारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर आजोबा गुडघ्यांवर बसून खुर्चीच्या पाठीवर हात फिरवत होते. डोळ्यांनी त्यांना कमी दिसायचं, म्हणून तोंड अगदी जवळ नेलेलं. मला वाटलं आता रागावतील, पण त्यांनी माझा हात धरला आणि चामड्यावर ठेवला.

"हे पाह्य, इथं कडक लागते का नाई? हे मानेवरचं. हल्या व्हता हा. जू घासू घासू कातडं मरून गेलं इथलं." मग बोट खाली सरकवलं. "आन् ह्या बारीक शिरा? कापलेलं जनावर नोय हे. आपल्या मौतीनं मेलं. रगत आंगातच राह्यलं, म्हून शिरा उमटल्या."

मला ती जादूच वाटली. वडिलांनी आणलेल्या त्या ठोकळ्यात एक अख्खा हल्या, म्हणजे रेडा, होता, त्याला मान होती, त्याने ओझं ओढलं होतं, आणि हे फक्त माझ्या आजोबांना वाचता येत होतं. मी विचारलं, "आबा, बाबाले येते का हे?"

"नाई. कोनालेच शिकवलं नाई म्या. शिकवाचंच नोतं," ते म्हणाले. आणि तरीही त्यांचा हात तिथून निघेना. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते मी पुन्हा पाहिलं नाही. आपणच नदीत बुडवलेलं आपल्याच बोटांत शिल्लक आहे, याचं ते सुख होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत असणार. मला तेव्हा फक्त सुख दिसलं.

पुढच्याच रविवारी वडिलांचे वरिष्ठ चहाला येणार होते. आजोबांना धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. पाहुणे आले, वेताच्या खुर्चीवर बसले, आणि वडील त्यांच्यादेखत आजोबांना म्हणाले, "बाबा, बसा ना." घरात 'बा', पाहुण्यांसमोर 'बाबा'. आजोबांनी एकदा लेकाकडे पाहिलं आणि ते बसले. पाय जमिनीला नीट टेकेनात, कारण खुर्ची कुठल्यातरी उंच माणसासाठी केलेली. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते लपवायला म्हणून असेल, चहाचं बघतो म्हणत ते आत गेले.

खोलीत आम्ही तिघं उरलो. पाहुणे खिडकीबाहेर पाहत होते. मला वाटलं, ह्यांना कळू दे माझे आबा कोण आहेत ते. मी म्हटलं, "आबा, हे कशाचं हाय सांगा नं. त्या दिवशी सांगतलं तसं."

आजोबा टोपी सारखी करत राहिले. मी पुन्हा म्हटलं, "सांगा नं." नातीला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी बसल्या जागी मांडीशेजारच्या चामड्यावर हात फिरवला आणि सांगू लागले. वडील ट्रे घेऊन दारात आले तेव्हा त्यांच्या कानावर एवढंच पडलं, "हल्याचं कातडं. आपल्या मौतीनं मेलेला."

पाहुणे हसले. वाईट हसले असंही नाही. "वा! यांना नाही कळणार तर कोणाला कळणार? पिढीजात विद्या आहे." आणि त्यांनी साखर घेतली.

वडिलांनी ट्रे ठेवला. त्यांची शुद्ध भाषा त्यांना सोडून गेली. "बा, तुमाले कोनं इचारलं व्हतं?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे पाहत होते.

"कोनीच नाई," ते म्हणाले. "माया तोंडातून निघून गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोचकं बांधलं. आई रडली, भाकरी बांधून देत नाही म्हणाली, मग बांधून दिली. वडील त्यांना मोटारस्टँडवर सोडायला निघाले आणि मी मागे मागे. खरं काय ते सांगायला सबंध वाट मला मोकळी होती. गाडी लागल्यावर आजोबा वडिलांना म्हणाले, "तुले लाज वाटली, त्यात तुयं काई चुकलं नाई. मले बी माया बापाची वाटे. मले वाटलं व्हतं, सुरी टाकली तवाच ते सरलं." वडिलांनी नुसतं बोचकं वर चढवून दिलं. आजोबांनी माझ्या गालाला हात लावला आणि ते गाडीत चढले.

ते परत आले नाहीत. आई दोनदा आणायला गेली, दोन्ही वेळा एकटी आली. शेजारपाजारचे देतील ते खाऊन त्यांनी आणखी आठ-नऊ महिने काढले आणि उन्हाळ्यात गेले. आम्ही पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती.

मग वडिलांची बदली अकोल्याला झाली. खुर्ची विकून टाका, आईने पुष्कळ सांगितलं. वडिलांनी ती ट्रकमध्ये घालून नेली, व्हरांड्यात ठेवली आणि रोज कचेरीतून आल्यावर तिच्यात बसू लागले. चहाचा कप हातात थंड व्हायचा. अधूनमधून, आमच्यापैकी कोणाकडेही न बघता, ते म्हणायचे, "येवढं सगळं सोडलेला मानूस. कोनी इचारलं नसताना काहून बोलला असन?"

मी तोवर मॅट्रिकला गेले होते. समोरच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली असायचे. "मीच विचारलं होतं, बाबा," एवढंच वाक्य. ते सांगितलं असतं तर त्यांचा बाप त्यांना परत मिळाला असता. मी पान उलटायचे.