दंडाची लुगडी

मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात बास्केटबॉल शिकवणारी बाई धनगराची लेक आहे हे कळल्यावर नाकं मुरडणारे लोक सोलापुरात मी पुष्कळ पाहिले. त्यांची नाकं अजून जागच्या जागी आहेत आणि मायाक्काबाईही. मी आता केमच्या शाळेत शिकवते. परवा तपासणीला आलेल्या साहेबांनी मिश्कील हसून विचारलं, "ती कमिटीशी भांडणारी ड्रिलबाई तुमचीच का हो?" आमचीच. काय झालं ते मी त्यांना नीट सांगितलं, आणि आता सगळ्यांसाठी लिहून ठेवते.

मायाक्काबाई सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागे वाढल्या. लहानपणीच लग्न झालं. नवरा मारायचा, म्हणून काडीमोड घेऊन त्या सोलापुरात आल्या आणि गिरणीत लागल्या. गिरणीतल्या बायकांच्या वर्गात अक्षरं गिरवली, मग याच कॉलेजात शिकून मास्तरीण झाल्या. सव्वीस साली मद्रासहून एक मडम सुट्टीत हा खेळ शिकवायला आली होती. बाकीच्या मास्तरणी सावलीत बसून बघत राहिल्या, मायाक्काबाई चेंडूमागे धावल्या. मडम गेल्यावर त्यांनी लोहाराकडून लोखंडी कडी करून घेतली, मैदानातल्या कडुलिंबाच्या खोडाला ठोकली, आणि तेव्हापासून कॉलेजात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलीला त्या कडीखाली उभं केलं.

चेंडू मात्र लगेच मिळायचा नाही. आधी नुसतं पळायचं. "चेंडू काय, हाताला येतोच की," त्या म्हणायच्या. "पाय मोकळं झालं पायजेत."

आम्ही कोण होतो? कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी माझ्यासारखी करमाळ्याच्या शेतकऱ्याची थोराड झालेली पोर. जन्मल्यापासून सगळ्यांनी आम्हाला एकच धडा दिला होता, हळू चाल. त्या मैदानावर मी कितीतरी वर्षांनी जीव खाऊन पळाले. इतका आनंद झाला की पळता पळताच रडू आलं, आणि रडत रडत मी आणखी एक फेरी मारली.

तेहतीस साली पुण्याच्या एका कॉलेजची टीम आमच्याशी खेळायला येणार असं ठरलं. आमच्या कमिटीचे सेक्रेटरी आबासाहेब हे वकील, सुधारक, आणि स्वतःच्या सुधारणेवर बेहद्द खूश असलेले गृहस्थ. पाहुण्यांसमोर मुली कासोटा घालून, पोटऱ्या दाखवत पळणार हे त्यांना खेडवळ वाटलं. त्यांनी निळ्या काठाची पाचवारी गोल पातळं आणवली. एक अंगावर, एक धुण्यात, अशी प्रत्येकीला दोन. हेतू चांगला होता, असं लोक म्हणतात. असेल बापडा.

पातळ नेसून सरावाला उतरलो त्याच दिवशी कमलम्मा पडली. ती साळ्यांच्या घरातली, तेलुगू बोलणारी, आमच्यात सगळ्यात चपळ. उडी मारताना पाय निऱ्यांत अडकला, ती तोंडावर आपटली आणि पुढचा दात अर्धा तुटला. बाईंनी तिचं तोंड धुतलं आणि तशाच ओल्या हातांनी ऑफिसात गेल्या. आम्ही व्हरांड्यात कान देऊन उभ्या राहिलो.

"आबासाहेब, ह्या पातळात पोरी पळत न्हाईत, पडत्यात."

"मग जरा हळू खेळवा, बाई. बायकांचा खेळ आहे."

"हळू खेळायला ह्यो काय सारीपाट हाय?"

"हे पाहा, दिलेल्या पातळांतच मुली खेळतील. नाहीतर सामना रद्द, आणि तुमची नोकरीही."

"दिलेलीच नेसायची न्हवं?"

"दिलेलीच."

"बरं," एवढंच म्हणून बाई बाहेर आल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. या बाईने मान तुकवली तर आम्ही कुणाच्या जिवावर उभं राहायचं?

संध्याकाळी त्या वसतिगृहात कात्री घेऊनच आल्या. "दोनी पातळं आना." प्रत्येकीची दोन पातळं त्यांनी टोकाला टोक लावून जोडायला सांगितली, जादा होईल तेवढं कापून, म्हणजे कासोट्याला पुरेल असं नऊवारी झालं. आमच्या घरांत ही शिवण सगळ्यांना ठाऊक. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून टाकायचा आणि धडके तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडं म्हणजे घरातल्या गरिबीची उघड खूण. बायका ती शिवण निऱ्यांत लपवतात. कोऱ्या कापडाला कात्री लावणं विणकराच्या लेकीच्या, कमलम्माच्या, जिवावर आलं. तरी सुजल्या ओठाने सगळ्यांत बारीक टाके तिनेच घातले.

"दंड झाकायचा न्हाय," बाई म्हणाल्या. "म्होरं दिसू द्या."

सामन्याच्या दिवशी आम्ही कासोटे कसून मैदानात आलो. प्रत्येकीच्या मांडीवरून ती उभी शिवण गेलेली. पाहुण्या बायकांत कुजबुज सुरू झाली. आबासाहेब लालबुंद होऊन खुर्चीवरून उठले.

"बाई, कॉलेजची अब्रू घालवलीत! आम्ही मुलींना दंडाची लुगडी नेसवतो, असं दिसतंय!"

"तुमी दिल्याली हाईत, आबासाहेब. दोनी हाईत," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माझ्या आईनं जल्मभर दंडाचं नेसलं, आन् त्यातच लांडग्यामागं पळाली. तिची अब्रू कुटं गेली न्हाय." आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

आम्ही एका बास्केटने हरलो. पण एकही पडली नाही.

कमिटीने बाईंना सांगितलं, सगळ्यांसमोर माफी मागा, नाहीतर जा. "माफी कशाची मागू? पोरी पडल्या न्हाईत ह्याची?" असं विचारून त्यांनी ट्रंक उचलली आणि मंद्रूपला बहिणीकडे निघून गेल्या. शिपायाने लिंबाची कडी उपटून काढली. खोडाला राहिलेली ती भोकं बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या संध्याकाळी कमलम्माने स्वतःचं घरचं लुगडं काढलं, मधोमध कापलं आणि दंड घालायला बसली. मग दुसरीने कापलं. मग सगळ्यांनीच. तानाबाई म्हणून एक पोक्त विधवा आमच्यात होती. ती कधी चेंडूला शिवली नव्हती, व्हरांड्यात वाती वळत बसायची. तिनेही कात्री मागितली. माझ्याकडे एकच नवं लुगडं होतं. आईने कमळाभवानीच्या जत्रेत घेतलेलं, नोकरीच्या पहिल्या दिवशी नेसायला ठेवलेलं. जीव तुटला, पण कापलं.

सकाळी अख्खं कॉलेज दंडाची लुगडी नेसून वर्गात बसलं. आबासाहेब आले, दारात थबकले.

"हा काय तमाशा आहे? जा, धड कपडे नेसून या!"

तानाबाई उठून उभी राहिली. "धड एकबी ऱ्हायलं न्हाय, साहेब. बाई येईस्तवर आमी ह्येच नेसनार."

दुसऱ्या दिवशीही आम्ही तेच नेसलं, तिसऱ्याही. ट्रेनिंग कॉलेजच्या मुलींना धडकं लुगडं मिळत नाही, अशी बाजारात बोलवा झाली. कमिटीवाल्यांना घरी बायकांनीही फैलावर घेतलं म्हणे. अखेर आबासाहेबांनी मंद्रूपला टांगा आणि परत येण्याचा निरोप धाडला. माफीचं नाव त्यात नव्हतं.

बाई उतरल्या तेव्हा आम्ही मैदानात रांगेत उभ्या होतो. त्यांनी आम्हाला या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि भडकल्या. "आगं भवान्यांनो, नवीकोरी लुगडी कापलीत? अकला हाईत का तुमास्नी?" माझ्यापाशी येऊन त्यांनी आईच्या लुगड्यावरचा दंड बोटांनी चाचपला. "टाकं वाकडं पडल्यात," म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

व्हरांड्यातून आबासाहेब म्हणाले, "बाई, झालं गेलं विसरू. आता यांना जरा शिस्तीत, हळू चालायला शिकवा."

बाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तोंड पुसलं आणि ओरडल्या, "बघत काय उभ्या ऱ्हायलाय? पळा!"

आम्ही पळालो. आबासाहेबांच्या अगदी नाकासमोरून, सगळ्या, आणि सगळ्यांच्या पुढे तानाबाई.