रत्नम्माच्या विहिरीचे सात फूट

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात आमच्या वर्गातली पोरं चहूकडे पांगली. दोघं म्हैसूर-उटीच्या सहलीला गेले. एक जण पुण्याच्या कारखान्यात महिनाभर शिकाऊ म्हणून लागला. एकाने माहूरला मामाच्या दुकानात बसून भाविकांना नारळ विकले आणि वर आम्हालाच पोस्टकार्ड टाकलं की सुट्टी मजेत चालली आहे. मी नांदेडच्या कॉलेजात भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मला अभ्यासाचं काहीतरी करायची खाज होती.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा पुरती चार वर्षंही झाली नव्हती. नव्या जिल्ह्यात माणसं अपुरी, जुने आकडे जुन्या जिल्ह्याच्या कपाटात, आणि दुष्काळाला तर एवढी वाट बघायची सवय नाही. म्हणून कॉलेजातली पोरं मागवली होती. दोन महिने गावोगाव फिरून विहिरी मोजायच्या, भत्ता मिळायचा आणि शेवटी अनुभवाचा दाखला. माझ्या वाट्याला उदगीरच्या बाजूची बावीस गावं आली.

हातात एक फीत, फितीच्या टोकाला शिशाचं वजन आणि एक छापील तक्ता. पाणी किती खोल, तळ किती खोल, मधलं पाणी किती फूट. शेवटचा रकाना होता, आधीचा उपसा कधी झाला. निघताना आमच्या सरांनी त्या रकान्यावर बोट ठेवून बजावलं होतं की दिवसभर कुणी शेंदली नाही तर कुठलीही विहीर श्रीमंत दिसते, तेव्हा हे विचारल्याशिवाय फीत सोडू नका. मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात माझा वर्गात पहिला नंबर होता.

कुरुळवाडीला मी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेलो. तिथेच रत्नम्मा भेटली. पन्नाशीची, उंच, काळीसावळी बाई. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. माहेर बिदरकडचं, त्यामुळे रागावली की कानडीत सुरू व्हायची. गावविहिरीवर तिचं राज्य होतं. कुणी नेमलेलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीवर डोकी फुटायची वेळ आली तेव्हा ती काठावर जाऊन बसली आणि घरटी दोन घागरी असं ठरवून टाकलं. तेव्हापासून उन्हाळा लागला की कोण आधी, कोण नंतर, बाळंतिणीच्या घरी जास्तीची घागर द्यायची की नाही, हे ती सांगायची आणि गाव ऐकायचं. स्वतःची घागर ती सगळ्यांत शेवटी भरायची. त्यामुळे तिच्यापुढे कुणाला तोंड उघडता येत नसे.

मी गेलो त्या दिवशी तिच्या घरी पाहुणे होते. मुलगा ईश्वरप्पा अठ्ठावीस वर्षांचा, त्याला सोयरीक घेऊन देगलूरकडची माणसं आली होती. मुलीचे वडील, आणि मुलीचे चुलते चन्नबसप्पा. हे चुलते मात्र उदगीरच्या तालुका कचेरीत टंचाईच्याच टेबलावर कारकून होते. आम्ही सगळे एकदमच विहिरीवर गेलो. मी मोजायला, आणि ते बघायला, कारण आमच्याकडे पोरगी द्यायची तर घराआधी विहीर बघतात. चन्नबसप्पांनी वाकून पाणी पाहिलं आणि समाधानाने मिशीवर हात फिरवला. मी फीत सोडली. सात फूट.

शेंदायचा दोर काठावर पडला होता. खडखडीत कोरडा. मी तो पाहिला, हे मला आजही स्वच्छ आठवतं. सकाळी शेंदलं का, असं मी विचारलं. रत्नम्मा म्हणाली, शेंदलं की. आणि लगेच म्हणाली, "लेकरा, जेवून जा. इहीर काय, ती कुठं पळून चालली?"

घरात गव्हाची गोड हुग्गी शिजली होती, वर तुपाची धार. मी तीन वाट्या खाल्ल्या. शेवटच्या रकान्यात 'आज सकाळी' असं लिहिलं आणि पुढच्या गावाची बस धरली.

त्या वर्षी ठरलं होतं की ज्या गावच्या विहिरीत पाच फुटांच्या वर पाणी त्याला टँकर नाही. टँकर मोजके होते, कुठेतरी रेघ मारावीच लागणार होती. कुरुळवाडी रेघेच्या वर गेली, ती माझ्या अक्षराने.

दहा दिवसांनी मी उदगीरहून एस.टी.ने परत निघालो होतो. एका फाट्यावर सात-आठ बाया घागरी घेऊन चढल्या. शेजारच्या गावच्या बोअरवरून पाणी घेऊन चालल्या होत्या, बसमधून. कंडक्टर पायाखाली सांडलेलं पाणी बघून कुरकुरत होता. त्यातली एक, नागम्मा, तिने मला ओळखलं. कुरुळवाडीची. मी भाबडेपणाने विचारलं की तुमच्या विहिरीला तर सात फूट पाणी होतं, मग हे काय.

"तुमीच लिवलाव न्हं सात फूट? मग त्यातली येक घागर काढून दावा."

बाकीच्या बाया हसल्या नाहीत. मी त्यांच्याबरोबर उतरलो आणि तसाच विहिरीवर गेलो. फीत सोडली तर वजन चिखलात रुतलं. अर्धा फूट, तेही गढूळ. नागम्माने मग सगळं सांगितलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सकाळपासून रत्नम्माने एकही घागर काढू दिली नव्हती. दीड दिवस गावाने घरातल्या रांजणांवर काढला. कुणी कुरकुर केली नाही. रत्नम्मा कधी काही मागत नाही, एकदा मागितलं तर नाही कसं म्हणायचं.

मी त्याच पावली तालुक्याला फिरलो. टंचाईची यादी दुसऱ्या दिवशी दुपारी जिल्ह्याला जाणार होती. मी तहसीलदारांपुढे उभा राहून म्हणालो की माझा आकडा चुकला. शेजारच्या टेबलावरून चन्नबसप्पांनी मान वर केली आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "न्हाई साहेब, मी सोता बघितलो. पाणी हाय."

तहसीलदार भला माणूस होता, पण त्याच्यापुढे एकीकडे सहीचा तक्ता, दुसरीकडे स्वतःच्या कारकुनाची साक्ष, आणि मधे एक घाबरलेला विद्यार्थी. तो म्हणाला, दहा दिवसांत साडेसहा फूट पाणी गेलं कुठे? गावातलं जबाबदार माणूस उद्या बारापर्यंत माझ्यापुढे आणा, जबाब लिहून देऊ दे, मी यादी बदलतो. नाहीतर पुढची यादी तीन आठवड्यांनी.

तीन आठवडे. मी मनात हिशेब केला आणि तडक बसस्टँड गाठलं.

संध्याकाळच्या बसने कुरुळवाडीला पोचलो. आधी पोलीस पाटलाकडे गेलो. त्याने मला चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं की हे प्रकरण वाढवू नका. गावात लग्नाची आणखी सहा पोरं आहेत. एकदा का टँकरचं गाव म्हणून नाव झालं की पोरगी कोण देणार? बाया काय, आणतातच आहेत पाणी. मला त्याचा संताप आला. आज वाटतं, तो तरी बोलून दाखवत होता, बाकीच्या पुरुषांनी तेवढंही केलं नाही. एकही जण यायला तयार झाला नाही.

मग रत्नम्माच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती ज्वारी निवडत बसली होती. मी रागातच होतो, जे कळलं ते धडाधड बोलून टाकलं. दोर कोरडा होता हे मी पाहिलं होतं, तेवढं मात्र बोललो नाही. ती खाली मान घालून निवडत राहिली. ईश्वरप्पा आतून बाहेर आला. चांगला, मेहनती पोरगा. आवाज चढवला नाही त्याने.

"तीन ठिकाणं मोडली इहिरीपायी," तो म्हणाला. "ही चौथी. अव्वा, तू कचेरीत गेलीस तर माझं लगीन झालंच न्हाई म्हणून समज."

रत्नम्माने त्याच्याकडे पाहिलं नाही आणि माझ्याकडेही नाही. एवढंच म्हणाली की उद्याचं उद्या बघू, लेकराला भाकरी वाढ. मी ताटावर बसलोच नाही. मी शाळेच्या ओसरीवर जाऊन पडलो. ती येणार नाही अशी माझी खात्री होती, आणि मी तिच्या जागी असतो तर गेलो नसतो.

सकाळी साडेसातच्या बससाठी मी फाट्यावर गेलो तर ती माझ्याआधी येऊन बसलेली. धुतलेलं लुगडं, गळ्यात इष्टलिंग, हातात कापडी पिशवी. ईश्वरप्पा रस्त्याच्या पलीकडे उभा होता. तो आईला अडवायला आला असेल असं वाटून मी धास्तावलो. तो आला तो माझ्याजवळ.

"तुमचं शिकनं झालं," तो म्हणाला, "आमच्या घरावर."

मग तो परत रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

कचेरीत पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. तहसीलदारांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. जबाब लिहून घ्यायला त्यांनी कारकुनाला बोलावलं. कारकून म्हणजे चन्नबसप्पाच. त्यांना वाटलं, विहिरीला पाणी आहे हेच सांगायला विहीणबाई आल्या आहेत. हसून रामराम केला आणि कागद ओढला. रत्नम्माने क्षणभर त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

"लिवा," ती म्हणाली. "माज्या लेकाच्या सोयरिकीसाठी मी गावाला दीड दीस पाणी काढू दिलं न्हाई. इहीर भरलेली दिसावी म्हणून. पाणी न्हाई. गावात पाणी न्हाई."

पेन थांबलं. चन्नबसप्पांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. तहसीलदारांना काही उमगेना, ते एकदा हिच्याकडे बघत, एकदा त्यांच्याकडे.

"लिवा पाव्हणं," रत्नम्मा म्हणाली. "तुमचं काम हाय ते."

त्यांनी लिहिलं. शब्दाला शब्द, काही न गाळता. तिचा अंगठा घेतला, शाई पुसायला स्वतःचा रुमाल दिला. यादीत कुरुळवाडीचं नावही त्यांनीच घातलं. मग मान न उचलता हळूच विचारलं की पोरीच्या बापाला आता मी काय सांगू.

"हेच वाचून दावा," ती म्हणाली.

टँकर चौथ्या दिवशी गेला आणि पाऊस पडेपर्यंत जात राहिला. सोयरीक त्याच आठवड्यात मोडली. हे मला नंतर कळलं. माझ्या मनात मात्र अडकून बसलं आहे ते त्या सकाळचं, कचेरीच्या पायरीवरचं.

ती पायरीवर बसली. मी माठातलं पाणी आणून दिलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि ओझं उतरलेल्या माणसाच्या तोंडाला लगाम राहत नाही. मी बोलत सुटलो. तुम्ही केलं ते कुणी केलं नसतं. पाण्यावरून सोयरीक मोडतात ती माणसंच हलकी. माणूस बघावा, घर बघावं. शिकलेल्या लोकांनी तरी आता असला विचार सोडायला पाहिजे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"घरी भैन हाय का तुला?" तिने विचारलं.

"आहे. महादेवी. मॅट्रिक झाली."

"लग्नाची?"

"हो."

"तुमी आपल्या जातीतलेच. ईश्वर निर्व्यसनी हाय, आठ एकर हाय, तू त्येला बघितलास. देतूस का तिला आमच्या गावात?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने खरंच विचारलं होतं, आशेने, आणि म्हणून मला जास्त लागलं. मला महादेवी दिसली, दोन घागरी घेऊन एस.टी.त चढताना, कंडक्टरची बोलणी खाताना. नायगावला आमच्या दारातच आड होता.

"घरी विचारून कळवतो," मी म्हणालो.

रत्नम्माने मान हलवली. हे वाक्य तिला पाठ होतं. तिने पेला पायरीवर पालथा ठेवला, पिशवी उचलली आणि बसस्टँडकडे चालू लागली.