सूत तुटलं नाई पाह्यजे

आमचं गाव देवळीपासून दोन कोसावर. त्या टायमाले आमच्या वर्ध्याकडं घरोघरी चरखा. घरात दाना नसला तरी चालन, चरखा पाह्यजे.

आमच्या घरधन्यानं हौसेनं आनला. जत्रेत कोन्या शहान्यानं त्याइचं सूत बोटावर घेतलं अन् म्हने, "बुवा, केसावानी काढता न!" झालं. तवापासून मानूस आमचा गेला तो गेलाच.

सकाय चरखा, संध्याकाय चरखा. तार तुटली का डोयात पानी. पोरगी तापानं फनफनली, तवा मातर डोये कोरडे. तार तुटली नोती न! जेवताना भाकरीतूनही तार ओढल्यासारखे बोटं चालत. एक दिवस पोरीकडं पाहून मले इचारलं, "हे कवा चालाले लागली वं?"

म्या म्हटलं, "महिना झाला. तुमची परवानगी घ्याची राह्यली."

वावरात कापूस फुटला. आमच्याकडं सीतादईची पूजा झाल्याबिगर वेचनीले कोनी हात लावत नाई. सात गोटे मांडाचे, दहीभात ठेवाचा, अन् घरच्या कर्त्या मानसानं नारय फोडाचा. सासू रोज म्हने, "बाबू, चाल न वावरात." हे म्हनत, "माय, एवढी लडी होऊ दे."

लडी काई होये ना. कापूस बोंडातून लोंबाले लागला, वाऱ्यानं मातीत पडू लागला. एक दिवस भर दुपारी आभाय दाटलं. म्या नारय उचलला.

सासू म्हने, "बाईमानसानं फोडला त पाप लागते."

"आत्याबाई, पाप मले लागू द्या. कापूस तुम्ही घ्या."

गोटे मांडले, नारय फोडला. पदराची ओटी करून दोघी सासूसुना वेचत गेलो. पानी आलं तवरोक अर्धा कापूस गाठोड्यात होता, अर्धा चिखलात.

वल्ल्या अंगानं गाठोडे घेऊन घरी आलो. हे आतल्या खोलीत चरख्यापुढं. त्याइनं मान वर केली. मले वाटलं, आता तरी काई बोलतीन.

म्हने, "दार लावजो वं. वाऱ्यानं तार तुटते."

म्या दार लावलं. बाहेरून. सासूनं कडी घातली, अन् पानी उघडल्यावर दोघी चिखलातला कापूस वेचाले गेलो.