बटण

गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलं की खालचं काही दिसत नाही. पाण्यात लहरी सोडून मासा हेरणारं यंत्र सांगेल ते खरं. माझं यंत्र जुनं, घड्याळासारख्या गोल तबकडीचं. खाली मासा आला की लाल रेघ उजळते, गेला की विझते. मेव्हण्याचं नवं, पडद्याचं. त्यावर मघाशी येऊन गेलेला मासाही दिसत राहतो.

गेल्या हिवाळ्यात तो चारचौघांत म्हणाला होता, "भावोजी, हा डबा आता संग्रहालयात द्या." सगळे हसले. माझी बायकोसुद्धा.

म्हणून आज मी माझं भोक मुद्दाम त्याच्या शेजारीच पाडलं. दोन यंत्रं जवळ आली की एकमेकांच्या लहरींनी गोंधळतात. तो गोंधळ थांबवायचं बटण माझ्या डब्याला आहे. मी त्याला हात लावला नाही. मेव्हण्याचा महागडा पडदा रेघोट्यांनी भरून गेला.

"भावोजी, तुमचं जरा बंद करता का?"

"जुनं आहे रे. बंद केलं तर पुन्हा सुरू होईल की नाही, कुणास ठाऊक!"

वर्षभर घोळवलेलं वाक्य. तबकडीला मागचं काही आठवत नाही. माझ्या डोक्यात मात्र त्याच्यासारखा पडदाच बसवलाय. गेलेलं जातच नाही.

त्याचा पडलेला चेहरा पाहत होतो, तेवढ्यात माझ्या गळाची काठी वाकली आणि सरळ झाली. माझ्याही तबकडीवर खोट्या रेघा नाचत होत्या. त्यांत खरी केव्हा आली, केव्हा गेली, दिसलंच नाही.

तरी मी बटण दाबलं नाही.