पांग फोरमनची तीस अंडी

पांग इक-ह्योन गोजे बेटावरच्या जहाजगोदीत चौतीस वर्षं होते. त्यातली सत्तावीस क्रेनखाली उभं राहून शिट्टी वाजवण्यात गेली. वर, खाली, थांब. लोखंड आम्ही कापलं, आम्ही जोडलं, आम्ही घासलं. जहाज पाण्यात उतरताना दमलेला चेहरा मात्र पांगसाहेबांचा दिसायचा.

निवृत्त झाल्यावरही दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायची सवय गेली नाही. आमच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. हात पाठीमागे असल्यामुळे पिशवी दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात असायची, आणि ते दुसरं कोणी म्हणजे त्यांची बायको, बोक-रे वहिनी. वहिनींनी एकवीस वर्षं कालवं फोडायच्या शेडमध्ये उभ्याने काम केलं. सकाळी साडेचारला निघण्यापूर्वी साहेबांचा भात, सूप आणि तीन भाज्या झाकून ठेवलेल्या असत.

मे महिन्यात वहिनी खाडीपलीकडे तोंग्योंगला धाकट्या बहिणीकडे निघून गेल्या. भांडण नाही, आवाज नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "ज्या दिवशी तुमच्या हातचा एक पदार्थ माझ्यापुढे येईल, त्या दिवशी परत यायचं बघू."

साहेबांनी पहिला महिना हॉटेलात जेवून काढला. दुसऱ्या महिन्यात मला हाक आली.

"सॉल, वर ये. अंडी करायची आहेत. सोया सॉसमध्ये मुरवलेली."

"करा की."

"तू सोल, मी सांगतो कसं सोलायचं."

माझी बायको वारून अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी माझं जेवण स्वतः करतो. मी खुर्ची ओढली, बसलो आणि हात मांडीवर ठेवले. "वहिनींनी कोणाच्या हातचा मागितलाय, साहेब?"

त्यांनी मोबाइल मिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यावर एक पोरगी हसत हसत अंडी उकडत होती. साहेबांनी फ्रिजमधून तीस अंड्यांचा ट्रे काढला आणि गार अंडी तशीच उकळत्या पाण्यात सोडली. पहिली सात जागच्या जागी फुटली.

"माल खराब आहे," साहेब म्हणाले.

"माल ठीक आहे. आधी बाहेर काढून ठेवायची. पाण्यात मीठ आणि थोडं व्हिनेगर घालायचं. पहिली दोन मिनिटं पळीने एकाच बाजूला फिरवायची, म्हणजे बलक मध्ये राहतो. सहा मिनिटांनी गार पाणी."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगणार होतात ना."

सोलताना आणखी बारा गेली. साहेब कवच असं उचकटायचे, जणू वेल्डिंगवरचा मळ काढतायत. पांढरं अर्धं कवचाबरोबर जायचं. मी म्हणालो, पाण्याखाली धरा, बोथट टोकाकडून सुरू करा, घाई नको. तीसमधली अकरा अखंड राहिली. सत्तर वर्षांच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा केलेल्या कामाला हे वाईट नाही. पण साहेबांच्या अंगठ्याला कवचाचा तुकडा लागून थेंबभर रक्त आलं, आणि पुढचे चार दिवस तो अंगठा इमारतीतल्या प्रत्येकाला दाखवून झाला.

मग सोया. बाटली रिकामी होती. दुकान खालीच आहे, पण पिशवी हातात घेऊन जायची म्हणजे लोक बघणार. साहेबांनी बाल्कनीचं दार उघडलं.

बाल्कनीत वहिनींचा मातीचा छोटा रांजण होता. त्यातला सोया साहेबांच्या आईच्या हातचा. दरवर्षी थोडा वापरायचा, वसंतात नवा सोया ओतून भर घालायची, म्हणजे जुन्याची चव नव्यात उतरते. वहिनींनी एकेचाळीस वर्षं हे सांभाळलं. घर दोनदा बदललं, दोन्ही वेळा रांजण मांडीवर घेऊन त्या ट्रकमध्ये बसल्या होत्या.

"साहेब, तो सूपात चमचाभर घालायचा असतो. अंड्यांना दुकानातला गोडसर लागतो."

"माझ्या आईचा आहे. मला शिकवू नकोस."

दोन वाट्या सोया, दोन वाट्या पाणी, साखरेचा पाक, कांदा, लसूण, मिरची, तीळ. अकरा अंडी आत. पोरगी म्हणत होती, अर्ध्या दिवसात चहासारखा रंग येतो. साहेबांची अंडी दुसऱ्या दिवशी फिकट पिवळसर होती. मलाही नवल वाटलं, कारण इतका जुना सोया काळाकुट्ट असायला हवा. साहेबांनी ती तीन दिवस मुरवली आणि वहिनींना मेहुणीच्या घरी फोन लावला. "पदार्थ तयार आहे. रविवारी जेवायला ये."

साक्षीदार म्हणून मलाही बोलावलं.

वहिनी बाराला आल्या. साहेबांनी एप्रन बांधला होता आणि तो सोडला नव्हता. भात बरा झाला होता. वहिनींनी एक अंडं उचललं, उजेडात धरलं, रंगाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. अर्धं खाल्लं. मग भाताचे चार घास. मग उरलेलं अर्धं.

साहेबांचा श्वास मला ऐकू येत होता.

"खारट आहे," वहिनी म्हणाल्या. "पण सोललंय नीट."

"अंगठा बघ," साहेब म्हणाले.

"दिसला. सोया कुठला घातला?"

"आपल्या रांजणातला. आईचा. म्हटलं, पहिला पदार्थ आहे, तर घरचाच घालू. चव ओळखलीस ना? एका घासात कळते." मग छाती काढून म्हणाले, "आणि रांजण कमी करून ठेवला नाही हो. अंडी काढल्यावर उरलेलं सगळं परत ओतलं. तू वसंतात भर घालतेस तशी."

वहिनी उठल्या. बाल्कनीत जाऊन झाकण काढलं. वास स्वयंपाकघरापर्यंत आला. वर बोटभर पांढरा फेस, त्यात कांद्याचे तुकडे, तीळ आणि फुगलेली लसणाची पाकळी. मधूनमधून बुडबुडा यायचा.

साहेबांनी वाकून बघितलं. गोदीत दोनशे टनांचा तुकडा वाकडा लटकला होता तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. रांजणाशेजारी ते खाली बसले.

"आईचं होतं," ते म्हणाले. "मी घालवलं."

"तुमच्या आईचं नाही ते," वहिनी म्हणाल्या. "या वर्षीचा कोवळा सोया आहे. नुसतं मीठ. सासूबाईंचा तोंग्योंगला आहे, बहिणीच्या गच्चीवर. मीच नेला."

साहेबांनी मांडीवर थाप मारली. "वाचलं! अगं, जीव गेला होता माझा! सॉल, ऐकलंस? वाचलं!"

मी हसलो नाही. गळ्यातली साखळी माहेरी नेऊन ठेवलेली बाई परत येऊ शकते. सोया हलवलेली बाई घर हलवून गेलेली असते. आमच्याकडे हे पोरासोरांना कळतं. साहेबांना एक मिनिट लागलं.

"कधी नेलास?"

"मार्चमध्ये."

"तू तर मेमध्ये गेलीस."

"हो."

"मग ते अंड्याचं... हातच्या पदार्थाचं..."

"तुम्ही कराल असं वाटलं नव्हतं मला," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यांनी स्वतःचा वाडगा, चमचा आणि जेवायच्या काड्या धुतल्या, पुसून जागेवर ठेवल्या. साहेबांचं ताट तसंच राहिलं. पर्स घेतली, मला मान लववली आणि निघाल्या.

"जा, थांबव तिला," साहेब मला म्हणाले.

"शिट्टी वाजवून बघा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्याच बोलण्याची थोडी लाज वाटली. थोडीच. मग ते घरातल्या चपलांवरच जिना उतरले. बाल्कनीतून मला बसथांबा दिसत होता. वहिनी उभ्या, साहेब त्यांच्या मागे दोन पावलांवर, एप्रनसकट. बस आली. वहिनी चढल्या. साहेबांनी दांडा धरला, एक क्षण थांबले आणि चढले.

संध्याकाळी सातला परत आले. एकटेच.

"काय झालं?" मी विचारलं.

"मेहुणीने लसणाची टोपली पुढे ठेवली. म्हणाली, आलाच आहात तर सोला."

"आणि वहिनी?"

"ती कालवं फोडत होती. बहिणीच्या दारातच. माझ्याकडे पाठ करून."

"किती सोललात?"

"अर्धी टोपली."

तेव्हापासून दर गुरुवारी साहेब सकाळच्या बसने जातात. पिशवी स्वतः उचलतात, कारण दुसरं कोणी नाही. रांजण मात्र तसाच आहे. मी दोनदा म्हणालो, धुऊन टाका, मजल्यावर वास येतो. ते हो म्हणतात. परवा मी वहिनींना फोन करून विचारलं, साहेबांचं काम कसं चाललंय.

"पाकळी अजून चेचतात," वहिनी म्हणाल्या. "मुळाकडची चकती काढा म्हणून चार वेळा सांगितलं."

परत येण्याबद्दल मी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.